सिमेंटचे पत्रे आणि बाळंतिणीची शेगडी

आमच्या अकोल्याच्या घराला तीन खोल्या होत्या आणि तिन्हींवर कवेलू, म्हणजे मातीची कौले, होते. त्यांतली मधली खोली पावसाळ्यात सतरा ठिकाणी गळत असे. हा आकडा अंदाजाचा नाही. मी खडूने जमिनीवर गोल काढून त्यांत क्रमांक घातले होते, कारण घरात ठेवण्याजोगी भांडी बारा होती आणि कुठले भांडे कुठल्या गळतीखाली मांडायचे हे दर सरीला नव्याने ठरवण्यात वेळ जाई. तीन, चार आणि अकरा या मोठ्या गळत्या. अकराखाली घंगाळ लागे.

गळतीला वानरे कारणीभूत होती. आठवड्यातून दोनदा त्यांची टोळी शेजारच्या चिंचेवरून आमच्या घरावर उतरे आणि प्रत्येक उडीला तीन-चार कवेलू फुटत. दर वैशाखात माझे मामा येऊन छप्पर फेरून देत. म्हणजे सगळे कवेलू उतरवायचे, फुटके बाजूला टाकायचे आणि धड असलेले पुन्हा एकावर एक नीट बसवत जायचे. मामा आठ मैलांवरच्या खेड्यात मजुरी करत, पण उन्हाळ्याचे दोन महिने त्यांना फेरणीच्या कामातून उसंत नसे. अनवाणी पायांनी ते कवेलूंवरून चालत आणि एकही फुटत नसे. "कवेलूवर पाय ठेवायचा नसते," ते म्हणत. "पायानं त्याले पुसायचं असते, बाप्पा, येऊ का म्हणून." पण मामांनी फेरून दिलेले छप्पर वानरांच्या पुढच्या फेरीपर्यंतच टिके.

तरी पावसाळे निघत होते. अडचण उभी राहिली ती साठ-एकसष्टच्या सुमाराला, माझ्या बहिणीच्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी.

आमचे आईवडील तोवर गेले होते. मी शाळेत गणित शिकवत होतो, लग्नाला तीन वर्षे झाली होती. बायको अमरावतीची. बहीण माझ्याहून चार वर्षांनी लहान, दर्यापूरला दिलेली. चैत्रात तिच्या सासूबाईंचे कार्ड आले. मजकूर त्यांनी मुलाकडून लिहवून घेतला होता. सातव्या महिन्यात सुनेला तुमच्याकडे आणून घालते, पण तुमचे घर मी लग्नात पाहिले आहे. खोली गळत असेल तर त्याच पावली तिला परत नेईन आणि बाळंतपण दर्यापूरला करीन. कार्डाच्या तळाशी उरलेल्या जागेत बहिणीने बारीक अक्षरात एक ओळ घातली होती: "दादा, काहीतरी कर."

मला वाटले, दर्यापूरला झाले तरी काय बिघडते. बायकोने कार्ड माझ्या हातातून घेतले.

"तुमी गणिताचे मास्तर," ती म्हणाली, "पण हे तुमाले समजणार नायी. पहिलं बाळंतपण सासरी झालं तर लोक म्हणतीन, मायबाप गेले आन् माहेरही गेलं. तिले दुसरं माहेर हाये का कोठी?"

नव्हते. आमच्या तीन खोल्या हेच होते. त्यांतली पुढची खोली रस्त्यावर उघडणारी, मागची चुलीची. बाळंतिणीला द्यायची तर मधलीच. बाळ श्रावणात यायचे होते.

आमच्या शाळेत सायकलींच्या मांडवावर नुकतेच सिमेंटचे पत्रे बसवले होते. अ‍ॅस्बेस्टॉसचे, असे हेडमास्तर प्रत्येक पाहुण्याला सांगत. गंजत नाहीत, वाजत नाहीत, वानराच्या उडीने फुटत नाहीत. ही शेवटची गोष्ट मी स्वतः पंधरा दिवस पाहून खात्री करून घेतली. मधली खोली बारा फूट लांब, दहा फूट रुंद. दोन्ही उतारांना मिळून सात फुटी आठ पत्रे लागत होते. दुकानदार म्हणाला, एक जास्तीचा घ्या मास्तर, हा माल काचेसारखा असतो. मी त्याला कागदावर आकृती काढून दाखवली. हिशेब बरोबर असेल तर नववा पत्रा कशाला, असा माझा प्रश्न होता. दुकानदाराने आठ दिले.

मामांना मी कळवले नाही. त्यांचे काम त्यांच्याकडून काढून घेतोय हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचे, हे मला सुचले नाही. सुतार शाळेचाच बोलावला.

पत्र्यांचे कोपरे करवतीने कापावे लागत आणि गिरमिटाने भोके पाडावी लागत. त्याची धूळ पिठासारखी बारीक उडे. सुतार अंगणात कापायला बसला आणि पहिल्याच कोपऱ्याला माझी बायको दारात आली.

"मिस्त्री, हे काय उडून राहिलं?"

"सिमेंट हाये बाई, काय होते त्यानं."

"सिमेंट असं चमकते काय? माझ्या ज्वारीवर बसून राहिलं ते. तिकडं कुंपणापाशी जा, वाऱ्याच्या खालच्या अंगाले. आन् पहिले पाणी टाका त्याच्यावर."

"पाणी टाकलं त करवत अडकते."

"अडकू द्या. माणसाच्या छातीत अडकण्यापरीस बरी."

सुतार माझ्याकडे बघून हसला, मीही हसलो. पण बायको बादली घेऊन तिथेच उभी राहिली आणि आठही पत्रे ओले करून कापले गेले. खाली पडलेला चुरा तिने झाडू दिला नाही. ओल्या पोत्याने पुसून घेतला आणि परसाच्या बांधावरच्या खड्ड्यात पुरायला लावला. दोघा पुरुषांनी तोंडाला उपरणे बांधले ते तिच्या धाकाने. आता वर्तमानपत्रांत त्या धुळीविषयी येते, ती फुप्फुसात जाऊन बसते, जुना पत्रा कापू नये, फोडू नये, ओला करूनच हाताळावा असे तज्ज्ञ सांगतात. तेव्हा आम्हाला कोणी काही सांगितले नव्हते. माझ्या बायकोला फक्त तिची ज्वारी दिसत होती. कारण कुठलेही असो, ती बरोबर होती आणि मी हसलो होतो, हे इथे लिहून ठेवतो.

पत्रे चढले. मग उष्णता. जठारपेठेतल्या दुकानातून मी एक उष्णतामापक आणला होता. दुपारी दोनला पुढच्या कवेलूच्या खोलीत तो शंभर अंश फॅरनहाइट दाखवी आणि मधल्या खोलीत एकशे आठ. मी पत्र्यांना वरून चुन्याचे दोन हात दिले, एकशे पाच झाले. आतून बांबूच्या तट्ट्या बांधून त्या शेणमातीने लिंपल्या, एकशे दोन. तट्ट्या फक्त दोन्ही बाजूंच्या उतारांना बांधल्या होत्या, आढ्याखालचा पट्टा उघडाच ठेवला होता. श्रावणापर्यंत तर ऊन उतरणारच होते. उष्णतेचे गणित सुटले.

राहिल्या वळचणीच्या खाचा. पत्रा नागमोडी असतो, त्यामुळे भिंतीवर टेकतो तिथे प्रत्येक वळणाखाली एक भोक राहते. दोन्ही बाजू मिळून बावन्न. त्यांतून खारी येणार, चिमण्या येणार, पाल येणार, आणि खाली बाळंतीण. मी दोन रविवार खर्ची घालून बावन्नच्या बावन्न खाचा चुना-सिमेंट आणि सुतळीने बुजवल्या. आढ्यावर दोन्ही उतारांचा सांधा झाकणाऱ्या टोपाच्या फटीही. मग शिडीवर चढून चाळीस बादल्या पाणी ओतले. बायको खाली जमिनीवर हात फिरवून बघत होती. एक थेंब नाही. त्या दिवशी मी खडूचे सतरा गोल ओल्या फडक्याने पुसले.

ज्येष्ठात दर्यापूरच्या मोटारीने बहीण आणि तिच्या सासूबाई आल्या. मी त्यांना मावशी म्हणत असे. उंच, सडपातळ बाई, शेतावर आणि घरात दोन्हीकडे हुकमत. दारातून आत येताच त्यांनी चहालाही नको म्हटले आणि मधल्या खोलीत गेल्या. वर बघितले, भिंतीला हात लावला, कोपरे बघितले. मी चाळीस बादल्यांचे सांगितले.

"बरं हाये," त्या म्हणाल्या.

बहिणीने माझ्या बायकोचा हात दाबलेला मी पाहिला.

"आता बाज कोठी टाकसान?"

मी जागा दाखवली.

"आन् शेगडी बाजेखाली. आणा बरं शेगडी."

आमच्याकडे बाळंतिणीला दोन्ही वेळा शेक देतात. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा आणि बाळंतशेपा, आणि बाईला बाळासकट त्या धुरीत घ्यायचे. धर्मदीक्षेनंतर आमच्या समाजाने जुने किती विधी सोडून दिले, मावशींनी तर सगळ्यांच्या आधी. पण त्या म्हणत, देवघर गेलं ते गेलं, शेगडी ही औषध हाये.

बायकोने गोवरीचे निखारे आणले. मावशींनी ओव्याची मूठ टाकली आणि बाजेवर बसल्या. दार लोटून घेतले, कारण बाळंतिणीला वारा लागू देत नाहीत.

मी मनात आकडे मोजत होतो. सत्तरपर्यंत ठीक होते. शंभराला मला मावशींचा चेहरा दिसेनासा झाला. एकशे तीसला बहीण खोकत बाहेर पळाली. एकशे पन्नासला मी दार सताड उघडले. मावशी शेवटी बाहेर आल्या, डोळ्यांना पदर लावून, पण चालीत घाई नाही.

"मास्तर, धूर जाईन कोठून?"

मी पहिल्यांदाच त्याचा विचार केला. जन्मभर मी कवेलूच्या घरात राहिलो होतो. घरात चूल होती, शेगडी होती, बंब होता, आणि धूर जातो कुठून हा प्रश्न माझ्या बापालाही कधी पडला नसावा. कवेलूंच्या हजार फटींतून तो आपोआप जात असे. ज्या फटींतून पाणी येते म्हणून मी चिडत होतो त्याच फटींतून घर श्वास घेत होते, आणि मी त्या मोजून बुजवल्या होत्या.

"लेकरू जन्मायच्या आंधीच वाफवून टाकसान तुमी," मावशी म्हणाल्या. "मी आज राहतो. उद्या पाचच्या मोटारीनं हिले घेऊन जातो. राग मानू नका."

बहीण चुलीच्या खोलीत जाऊन निष्कारण तांदूळ निवडायला बसली. ते तांदूळ सकाळीच निवडून ठेवलेले होते.

मी म्हणालो, खाचा पुन्हा फोडतो. मावशी म्हणाल्या, धूर वर जाते, खाली नायी. ते खरे होते. खाचा वळचणीला, धूर आढ्याला. टोप काढला तर पाऊस आत. मी कागद घेऊन बसलो आणि तासाभराने कागद बाजूला ठेवला. तोवर बायकोने मामांच्या गावच्या दूधवाल्याजवळ निरोप पाठवलाही होता. मला न विचारता.

मामा सकाळी साडेआठला आले. अंगणात उभे राहून त्यांनी पांढऱ्या छपराकडे बराच वेळ पाहिले.

"छान हाये," ते म्हणाले. "दवाखान्यावानी दिसते. मले काहून बलावलं मंग?"

"मामाजी, चूक झाली," बायको म्हणाली.

"चूक तुयी नोयती, माय. भाचा शिकला हाये. शिकलेल्या माणसाले मामाची आठोण धूर कोंडल्यावर येते."

मी खाली मान घालून सगळी हकीकत सांगितली, पाचच्या मोटारीसकट. बहिणीचे नाव निघताच त्यांनी टोमणे थांबवले आणि धोतर खोचले. "शेगडी पेटवा," म्हणाले. "धूर कोठी गोळा होते ते वरून पायतो."

मी त्यांना बजावले की पत्र्यावर मध्ये पाय द्यायचा नाही. जिथे पत्रा धरून ठेवणाऱ्या लोखंडी आकड्यांची रांग आहे तिथे खाली लाकूड आहे, फक्त तिथून चालायचे. मी खडूने रेघही मारून देतो म्हणालो.

"तीस वर्सं झाली मले छपरावर चालून," मामा म्हणाले. "तू मले चालनं शिकवतं?"

आत मावशी आणि बायको शेगडीपाशी होत्या, धूर पुन्हा दाटू लागला होता. मी शिडीवर. मामा आढ्याकडे निघाले, त्यांच्या त्या हलक्या पायांनी, पत्र्याला विचारत विचारत. पण कवेलूला विचारले तर तो हलतो, कुरकुरतो, सांगतो. सिमेंटचा पत्रा काहीच सांगत नाही. आढ्यापासून फूटभर अलीकडे तो एकदम कडाडला आणि मामांचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला.

मग खोलीतून मावशींचा आवाज आला, अगदी शांत.

"मास्तर, हा पाय कोणाचा?"

"मामांचा."

"त्याईले म्हना, हलू नका. धूर चालला."

खरोखरच मामांच्या गुडघ्याभोवतालच्या भोकातून धुराचा लोट वर येत होता आणि मामा त्यात बसले होते. "मले शेकून राहिले तुमी," ते म्हणाले. "माया कोन्ता महिना?" बहीण अंगणात होती. ती हसायला लागली ती खाली बसेपर्यंत. दोन दिवसांत तिचे हसणे मी पहिल्यांदा ऐकले.

पायाला दोन ओरखडे आले होते, बाकी काही नाही. मामा खाली उतरले आणि भोकाकडे बघत म्हणाले, जागा बरोबर हाये. फक्त तिच्यावर टोपी पायजे.

नवा पत्रा मिळणार नव्हता. दुकानात माल संपला होता, पुढचा यायला पंधरा दिवस, आणि नववा मी घेतला नव्हता. तेव्हा फुटक्याशीच जमवायचे होते. मामांनी सांगितले ते असे: पत्र्याचा वरचा दीड फूट सरळ कापून टाकायचा, त्या उघड्या जागेवर चार लाकडी गुटके उभे करून बांबूची चौकट बसवायची, आणि चौकटीवर आपले कवेलू, चारी बाजूंना वीतभर पुढे आलेले. पाणी बाहेर पडेल, धूर गुटक्यांमधून निघून जाईल. मी कवेलूंचा उतार विचारला. मामांनी हात तिरपा धरून दाखवला. मी तो कागदावर मोजला, नियमात बसत होता.

कापण्याच्या वेळी मामांनी करवत उचलताच बायकोने बादली पुढे केली.

"हे काहून?"

"मामाजी, पहिले पाणी."

"पत्र्याले तहान लागली का?"

"लागली. आन् तोंडाले उपरणं बांधा. मावशी, तुमी दोघी शेजारी जाऊन बसा. त्या पोरीनं हे हुंगायचं नायी."

मावशी कोणाचे ऐकून उठणाऱ्या नव्हत्या, पण उठल्या. जाताना मला म्हणाल्या, "बायको चांगली भेटली तुमाले." पत्रा ओला करून कापला, तुकडे न फोडता सबंध उतरवले, चुरा पुसून पुरला. बांधावरचा जुना कवेलूंचा ढीग मी अजून विकला नव्हता, हे नशीब. मामांनी त्यातून चौऱ्याऐंशी निवडले, प्रत्येक बोटाने वाजवून. दुपारी तीनला आमच्या पांढऱ्या छपरावर मातीच्या रंगाची लहानशी टोपी बसली. या खेपेला मामा आकड्यांच्या रांगेवरूनच चालले.

मग परीक्षा. मावशी बाजेवर, शेगडी बाजेखाली, दार लोटलेले. मी शिडीवरून बादल्या ओतत होतो, मामा खालून भरून देत होते. मी मनात एकशे पन्नास मोजले, दोनशे मोजले. दार उघडले नाही. तीनशेला आतून आवाज आला, "अजून वता. तिरपं वता, पाऊस सरळ येत नसते." मी तिरपे ओतले. बत्तिसाव्या बादलीनंतर दार उघडले. मावशींच्या डोळ्यांत पाणी नव्हते आणि लुगड्यावर एक थेंब पडलेला होता. एकच.

त्यांनी तो मला दाखवला. मला वाटले संपले. चार वाजून दहा मिनिटे झाली होती.

"एक हाये," मी म्हणालो.

"एकाले मी गळती म्हणत नायी," मावशी म्हणाल्या. "माया घरी नऊ हायेत." आणि बहिणीकडे वळून, "तुई पेटी खोल. माया एकटीचंच लुगडं वेगळं काढ."

मोटारतळावर मी त्यांना पोचवायला गेलो. मामाही आले, त्यांचे गाव त्याच वाटेवर. मोटार सुटायला वेळ होता. मावशींनी मामांना विचारले, दर्यापूरला येऊन आमचं छप्पर फेरून द्यायले कितीक दिवस लागतीन. मामा म्हणाले, मोजून सांगतो, पण मोजायले भाच्याले आणावं लागीन. मग दोघे एकाच बाकावर बसून गेले, आणि मोटार वळेपर्यंत मामा हात तिरपा धरून त्यांना काहीतरी समजावत होते.

मुलगी श्रावणाच्या शेवटच्या आठवड्यात झाली, सुईणीच्या तराजूवर साडेसहा पौंड. पाच दिवस पावसाची झड होती. त्या झडीत शेगडी दोन्ही वेळा पेटली. मी अंगणात छत्री घेऊन उभा राहून टोपीखालून निघणारा धूर बघत असे, आणि बायको आतून हाक मारी की मास्तर, आत या, धुराले तुमची गरज नायी. सहाव्या दिवशी मावशी आल्या. बहीण बाजेवर होती, केसांना ओव्याचा वास. मावशींनी नातीला मांडीवर घेतले, दिव्याकडे धरून पाहिले आणि बहिणीला विचारले, महिनाभर राहतं का इथं?

"सव्वा महिना," बहीण म्हणाली.